नागपुरात कॅमेरा घेऊन राहिले असाल तर आधी कुलर कुठं लावता ते सांगा

कॅमेरा घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच, "कोणती बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घेऊ?" अन् मग महिनाभर यूट्यूबवर रिव्ह्यू पाहणं सुरू, या बॉडीत २४ मेगापिक्सेल, त्या बॉडीत २६, याचं फोकस माणसाचा डोळा पकडते अन् त्याचं पक्ष्याचा. त्या रिव्ह्यूवाल्यांपैकी कोणी मे महिन्यात बर्डीच्या चौकात उभं राहून कॅमेरा वापरत नाही, अन् कुलर लावलेल्या खोलीत लेन्स दोन उन्हाळे ठेवल्यावर आत काय उगवते तेही दाखवत नाही. म्हणून हे लिहून राहिलो. माझं म्हणणं एवढंच आहे की नागपुरात राहणाऱ्या माणसाने पैसे आधी लेन्सवर घालावे, मग लेन्स ठेवायच्या डब्यावर, अन् उरले ते बॉडीवर. बहुतेक लोक याच्या बरोबर उलटं करतात, अन् डबा तर यादीतच नसते.

लेन्स आधी काहून, तर ती टिकते. कॅननचा ईएफ माउंट (लेन्स बॉडीला अडकवायची खाच) १९८७ मध्ये आला अन् त्या काळातली लेन्स आजच्या आर सिरीजच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर अडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालते. मधल्या काळात बॉड्या किती आल्या अन् भंगारात गेल्या, विचारू नका. निकॉनचा एफ माउंट तर १९५९ चा आहे, पण तिथं एक गोम आहे जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. जुन्या एएफ अन् एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते, अन् डी३५००, डी५६०० सारख्या छोट्या बॉड्यांत ती नाही. लेन्स बसते, फोटोही निघते, पण फोकस हाताने फिरवत बसा. झेड सिरीजच्या बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावला तरी या लेन्सचं तेच. म्हणून निकॉनची जुनी लेन्स स्वस्तात मिळून राहिली असेल तर नावात एएफ-एस लिहिलं आहे का ते पाहूनच पैसे काढा.

आता बॉडी. आधी स्वतःला विचारा की कॅमेरा पाहिजे कशाला. घरचे वाढदिवस, फुटाळ्यावरचा सूर्यास्त अन् व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस एवढंच असेल तर खिशातला फोन पुरते, उगाच ईएमआय लावू नका. पण पोराचं गॅदरिंग अंधाऱ्या हॉलमध्ये शूट करायचं आहे, अंबाझरी-गोरेवाड्याला पक्षी पाहायचे आहेत, ताडोबा-पेंच करायचं आहे, लग्नाचं काम घ्यायचं आहे, तर फोन हात टेकते अन् मग कॅमेऱ्याला पर्याय नाही.

सेन्सरच्या, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या, साईजवरून लोक फार भांडतात. फुल फ्रेम म्हणजे साधारण ३६ बाय २४ मिलीमीटर, एपीएस-सी (यालाच क्रॉप म्हणतात) त्याहून लहान, म्हणजे निकॉन, सोनी, फुजीत १.५ पट क्रॉप अन् कॅननमध्ये १.६ पट. फुल फ्रेमचा फायदा कमी प्रकाशात दिसते, लग्नवाल्यांनी घ्यावी, पण तिच्या लेन्सही मोठ्या, जड अन् महाग, हे बॉडी घेताना कोणाच्या लक्षात येत नाही. जंगलवाल्याला तर क्रॉप सेन्सर उलट बरा, ३०० एमएमची लेन्स ४५० सारखी दिसते. फ्रेममध्ये वाघ तेवढा मोठा दिसते अन् खांद्यावर वजन कमी. त्यामुळे मला कोणी "भाऊ, फुल फ्रेम घेऊ का" असं विचारलं तर मी लेन्स कोणती घेणार ते विचारतो, अन् उत्तर "सध्या किट लेन्स" (बॉडीसोबत मिळते ती) असं आलं की क्रॉप घ्या म्हणून सांगून देतो.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस हा वाद आता उरला नाही खरं तर. कॅनन अन् निकॉन दोघांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० चे, त्यानंतर सगळं मिररलेसच आलं. नवीन घ्यायचा असेल तर मिररलेस घ्या. पण याच कारणाने जुने डीएसएलआर भलतेच स्वस्त झाले आहेत, लोक बॉडी अन् दोन लेन्स मिळून विकून टाकून राहिले, अन् शिकायचं असेल, बजेट कमी असेल तर चांगल्या हालतीतला जुना डीएसएलआर हा आजही सगळ्यात शहाणा सौदा आहे. फोटो काही शिळे निघत नाहीत त्यातून. फक्त व्हिडिओ जास्त करणार असाल तर मग नको, त्याचं लाईव्ह व्ह्यूमधलं (मागच्या स्क्रीनवर पाहून शूट करतानाचं) फोकस रडवते, विशेषतः निकॉनमध्ये.

अन् दुकानात जाऊन हातात धरून पाहा. पकड हाताला बसते का, करंगळी खाली लोंबकळते का, मोठी लेन्स लावल्यावर पुढं झुकते का. ऑनलाईन हे कळत नाही. बिल जीएसटीचं घ्या, वॉरंटी कार्डावर भारतातल्या इम्पोर्टरचं नाव अन् बॉडीवरचा सिरीयल नंबर जुळवून पाहा. "बिना बिलाचा घ्या, एवढे कमी करून देतो" असं म्हटलं की समजायचं, तो ग्रे मार्केटचा माल आहे, उद्या बिघडला तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर भारतातली वॉरंटी लावणार नाही.

लेन्स कोणती

किट लेन्स वाईट असते हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याने लोकांचं फार नुकसान केलं. १८-५५ दिवसाउजेडी मस्त चालते, एफ ८ वर ठेवा अन् पाहा. ती कमी पडते ती अंधारात, काहून की ५५ वर तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं उजेड आत घेणारं भोक मोठं). तिथं ५० एमएम एफ १.८ कामी येते, प्रत्येक कंपनीची सगळ्यात स्वस्त लेन्स बहुतेक हीच, अन् ५.६ च्या मानाने तीन स्टॉपहून (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजेड घेते, म्हणजे आठ पटीच्या वर. वसंतराव देशपांडे सभागृह असो की सुरेश भट सभागृह, मागच्या रांगेतून नाही जमणार, पण पुढच्या दोन-चार रांगांत जागा मिळाली तर याच लेन्सने पोराचा नाच नीट टिपता येते. एक मात्र लक्षात ठेवा, क्रॉप बॉडीवर ५० म्हणजे ७५-८० सारखी दिसते, घरातल्या खोलीत सगळी मंडळी फ्रेममध्ये बसत नाहीत, पाठ भिंतीला टेकते तरी आजोबा कापले जातात. घरच्यासाठी ३५ एफ १.८ बरी.

कॅननची नवी आर सिरीज घेणाऱ्यांनी एक पाहून घ्यावं, त्या माउंटवर बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स बरीच वर्षं जवळपास नव्हत्याच, २०२४ पासून सिग्मा अन् टॅमरॉन यायला लागल्या, त्याही सुरुवातीला क्रॉप बॉड्यांसाठी. सोनीत हा त्रास नाही, तिथं ढीग आहे.

मोठी टेली, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स. नागपूरकराला ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला असं सगळं दोन-तीन तासांत आहे, त्यामुळे कॅमेरा घेतला की सहा महिन्यांत १५०-६०० ची हौस येतेच. घ्या, पण माहीत असू द्या की ती लेन्स दोन किलोच्या आसपास वजनाची असते, अन् ताडोब्यात वाघ कितीदा तरी रस्त्यावरून जिप्सीच्या इतक्या जवळून जाते की ६०० ने त्याचा फक्त कान येते. दोन बॉड्या नसतील तर ७०-३०० किंवा १००-४०० जास्त कामाची. पक्ष्यांचं वेड असेल तेव्हाच ६००.

अन् या मोठ्या लेन्सबद्दल एक तक्रार मी फार ऐकतो, "लेन्स सॉफ्ट आहे, पीस खराब आला." विचारलं कधी काढला फोटो, तर एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊला, तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा. अहो, जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, डांबरी रस्त्यावर दूर पाणी चमकल्यासारखं दिसते तीच भानगड, अन् लांब लेन्स ती थरथर मोठी करून दाखवते. त्याला कोणती लेन्स, कोणतं सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत लांबचे फोटो सूर्योदयानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात काढा, नंतर जवळ जा किंवा सावलीत बसलेला प्राणी शोधा. लेन्सची टेस्ट तर या दिवसांत दुपारी करूच नका.

सेकंडहँड घेताना

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा बैजवार सांगतो. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड, चार्ज केलेला फोन अन् एक ब्लोअर न्या. अंधार पडल्यावर घाईत सौदा नको.

लेन्स बॉडीवरून काढा, दोन्हीकडची टोपी काढा, फोनचा टॉर्च एका बाजूने तिरपा मारा अन् दुसऱ्या बाजूने आत पाहा, लेन्स हळूहळू फिरवत. सरळ टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही, तिरपाच पाहिजे. धुळीचे चार ठिपके प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्याने फोटोला काही होत नाही, सोडून द्या. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले दिसले, बहुतेक काचेच्या कडेपासून सुरू झालेले, तर ते फंगस. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा दिसला तर हेझ. दोन्हीत किंमत पाडायच्या भानगडीत न पडता हात जोडून परत या, जोपर्यंत लेन्स फार महागातली अन् साफ करून मिळण्यासारखी नाही तोपर्यंत. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकते का तेही पाहा, तेल असलं की पाती अडकतात.

मग लेन्स बॉडीला लावून विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा अन् चारही कोपरे झूम करून पाहा. कोपरे थोडे मऊ असणारच, पण चारही सारखे मऊ पाहिजेत. डावीकडचे दोन स्वच्छ अन् उजवीकडचे दोन धुरकट म्हणजे आतली काच सरकली आहे, लेन्स कधीतरी पडली आहे, मालक काहीही म्हणो. फिल्टरच्या रिंगवर ठोक बसल्याची खूण, स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे म्हणजे कोणीतरी आधी उघडली आहे.

बॉडीत शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झाले ते, पाहतात. छोट्या बॉड्यांचं शटर साधारण १ लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं असते, डी८५० सारख्या मोठ्या बॉडीचं २ लाख. निकॉनमध्ये कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपीजी फाईलमध्येच हा आकडा असते, कॅननमध्ये बहुतेक बॉड्यांत तसा सापडत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागते. पण आकड्याच्या फार मागं लागू नका, ३० हजार क्लिकची पण कुलरच्या खोलीत चार वर्षं बॅगेत बंद पडलेली बॉडी घेण्यापेक्षा ७० हजारांची रोज वापरातली मी आधी घेईन. बॅटरीच्या कप्प्यात, हॉटशूवर (वरची फ्लॅश लावायची खाच), स्क्रूंवर हिरवट-पांढरी बुरशी किंवा गंज आहे का पाहा, असेल तर पाणी गेलेलं आहे. अन् सेन्सर पाहायला एफ १६ ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या कागदाचा आउट ऑफ फोकस फोटो काढा. काळे मऊ ठिपके म्हणजे धूळ, साफ होते. ब्लोअर मारूनही न हलणारी, कडा धारदार असलेली रेघ म्हणजे ओरखडा, तो जात नाही.

वापरताना

मॅन्युअल मोड म्हणजेच खरी फोटोग्राफी वगैरे ऐकू नका. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (भोक किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा) अन् एक्सपोजर कम्पेन्सेशनचा (फोटो उजळ-अंधारा करायचा) डायल, एवढ्यावर बहुतेक काम भागते. कम्पेन्सेशन काहून लागते ते समजायला नागपूरसारखं गाव नाही. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालते. दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप फ्रेमभर घ्या, मीटरला वाटते फार उजेड आहे, ते फोटो अंधारा करते अन् स्तूप मळकट दिसते. तिथं अधिक ०.७ ते अधिक १ करा. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत (मिरवणुकीतला मोठा काळा पुतळा) फ्रेमभर घ्या, मीटर उलटं चुकते, काळ्याचं करडं करते अन् मागचं आकाश पांढरं फटक. तिथं वजा ०.७. पिवळ्या मारबतीला कमीजास्त करायची फारशी गरज पडत नाही.

मारबतीचा विषय निघालाच तर सांगतो, इतवारीच्या त्या गल्ल्यांत गर्दी खांद्याला खांदा लावून असते, पावसाचे दिवस, कधी गुलाल उडते. तिथं लेन्स बदलायचं डोक्यातही आणू नका. १८-५५ किंवा तिच्यासारखी रुंद झूम लावून घरूनच निघा, पट्टा मनगटाला गुंडाळा, अन् वरून एक पॉलिथिनची थैली, लेन्सच्या तोंडापाशी रबर लावून. वेदर सीलिंग असलेली बॉडी असेल तरी. सीलिंग म्हणजे वॉटरप्रूफ नाही, अन् बॉडी सील्ड पण लेन्सच्या माउंटला रबराची रिंग नाही तर पाणी तिथूनच जाते. पाण्याने खराब झालेला कॅमेरा वॉरंटीत घेत नाहीत.

हॉलमध्ये स्टेज शूट करताना फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे आले तर कॅमेरा बिघडला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच लाईट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा, शटर स्पीड १/५० किंवा १/१०० ठेवा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. नाच असेल तर १/१०० ने हात-पाय हलतात, तेव्हा पोरगी गिरकी संपवून थांबते तो क्षण पकडा. पळत्या पोराला १/५००, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास पाहिजेच, आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेते तो आकडा) वाढला तर वाढू द्या. ग्रेन असलेला, म्हणजे दाणेदार, फोटो घरचे आवडीने पाहतात, हललेला कोणी पाहत नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळते, समोरच्या माणसाचं हलणं नाही थांबवत.

ऊन

मॅन्युअल उघडून पाहा, बहुतेक बॉड्यांवर शून्य ते ४० डिग्री लिहिलेलं असते. आपला मे ४५ चा. म्हणजे नवतपात दुपारी कॅमेरा बाहेर काढला की कंपनीच्या हद्दीबाहेर गेलो. फोटोला तरी चालून जाते, ४के व्हिडिओ लावला की थोड्या वेळात बंद पडते. स्क्रीन बॉडीपासून दूर उघडून ठेवली तर जरा जास्त टिकते, अन् दोन शॉटच्या मधात वरून पांढरा दुपट्टा टाका, तोंडाला बांधतो तोच. काळी बॉडी उन्हात हात भाजेल इतकी तापते.

उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवून "पाच मिनिटांत येतो" म्हणणं बंद करा. बॅटरी फुगते, लेन्सच्या आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येते. अन् मिररलेस ट्रायपॉडवर सूर्याकडे तोंड करून टोपी न लावता सोडू नका, लेन्स ऊन गोळा करून आत शटर-सेन्सरवर टाकते. व्ह्यूफाइंडरच्या बाजूनेही तेच होते, आतली छोटी स्क्रीन जळून कायमचा डाग पडते. टेबलावर ठेवताना आयपीस खिडकीकडे नको.

जंगलातली धूळ

सकाळची सफारी म्हणजे समोरच्या जिप्सीची धूळ आपल्या तोंडावर. कॅमेऱ्यावर टाकायला उशीचा जुना अभ्रा न्या, वाघ दिसला की काढायचा, गाडी पळायला लागली की घालायचा, महागड्या कव्हरपेक्षा हे पटकन होते. बीन बॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी न्या, तिकडे पोचल्यावर तांदूळ भरा. झूम पुढं-मागं होताना लांब होणारी लेन्स पंपासारखी हवा ओढते अन् हवेसोबत धूळ, त्यामुळे धुरळ्यात उगाच झूमशी खेळू नका. लेन्स बदलणं तर गेटच्या बाहेर आल्यावरच, कॅमेरा बंद, बॉडीचं तोंड खाली. फ्लॅश घरी ठेवा, तिथं चालत नाही.

परत आल्यावर टीशर्टने काच पुसायचा मोह होते. धुळीत बारीक वाळू असते अन् पुसलं की ती कोटिंगवर घासते. आधी ब्लोअर, तोंड खाली करून. मग मऊ ब्रश. बॉडीच्या खाचांसाठी रंग द्यायचा एक इंची नवा ब्रश मस्त काम करते. एवढ्यावर साफ झालं तर तिथंच थांबा. बोटांचे ठसे असतील तरच लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब मायक्रोफायबरवर टाका, काचेवर डायरेक्ट नाही, काहून की थेंब कडेने आत उतरते, अन् मधातून बाहेर गोल पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. कॉम्प्युटर साफ करायचा गॅसचा डबाही नको, सेन्सरवर तर अजिबात नाही.

सेन्सरवर ब्लोअरपर्यंत ठीक आहे. डीएसएलआरमध्ये मेनूतून क्लीनिंगसाठी मिरर वर करायचा अन् बॅटरी फुल पाहिजे, मधात संपली तर मिरर खाली येते. ओल्या स्वॅबने साफ करणं शिकता येते, क्रॉपला १६ एमएमचा, फुल फ्रेमला २४ चा स्वॅब, पण पहिल्यांदा कोणाकडून तरी समोर पाहून घ्या. एफ ५.६ वर न दिसणाऱ्या दोन ठिपक्यांसाठी सेन्सरला हात लावू नये असं माझं मत.

आता कुलर

फंगसला काय पाहिजे? ओल, अंधार, न हलणारी हवा अन् खायला थोडी धूळ किंवा बोटाचं तेल. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की काम सुरू. मुंबई-कोकणवाले पावसाळ्यात घाबरतात. आपल्या लोकांना वाटते नागपूर कोरडं, एप्रिल-मेमध्ये दुपारी ओठ फुटतात, इथं कशाची बुरशी. बाहेर खरंच कोरडं असते. पण आपण त्याच दिवसांत खोलीत कुलर लावतो, अन् कुलरचं कामच हवेत पाणी घालणं आहे. खिडकी नीट उघडी नसली की रात्रभरात खोलीत दमट हवा साठते, कपाटातल्या चादरी ओलसर लागतात, पापड मऊ पडतात. त्याच कपाटात कॅमेऱ्याची बॅग. मग जून आला की खरा पाऊस. म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सलग सहा महिने लेन्स ओलीत, अन् उन्हाळा आहे म्हणून फोटोलाही कोणी बाहेर काढत नाही.

त्यामुळे पहिलं काम फुकटचं आहे. उन्हाळ्यात कॅमेरा कुलर नसलेल्या खोलीत हलवा. गच्चीखालची भट्टीसारखी तापणारी खोली नको, पण आतल्या पॅसेजमधलं, देवघराजवळचं कपाट चालते. दुसरं, छोटा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) घ्या, काहीशे रुपयांत मिळते, अन् कुलरच्या खोलीत एक रात्र ठेवून आकडा पाहा, मग माझं पटेल.

तिसरं, डबा. किचनमध्ये धान्याला वापरतात तसा हवाबंद डबा, झाकणाला रबराची रिंग असलेला, त्यात हायग्रोमीटर अन् पाव किलो सिलिका जेल. आकडा ४० ते ५० मध्ये पाहिजे. ३० च्या खाली महिनोन्महिने ठेवणंही बरं नाही, रबर अन् ग्रीस कोरडं पडते. सिलिका केशरी रंगाची घ्या, ओल पिऊन हिरवी होते. निळी गुलाबी होते पण तिच्यात कोबाल्ट असते, ती विषारी, घरात लहान पोरं असतील तर नकोच. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीवर दोन-तीन तास, पुन्हा वापरा. गच्चीवर मेच्या उन्हात ठेवून थोडी सुकते, पूर्ण नाही. स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका, त्यासाठी एखादं टाकाऊ भांडं वेगळं ठेवा. लेन्स तीन-चारच्या वर गेल्या की विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या, एका बऱ्या लेन्सपेक्षा स्वस्त पडते.

डब्यात तांदूळ टाकायचं जे सांगतात ते करू नका, ओल फारशी ओढत नाही अन् पीठ मात्र उडते. डांबराच्या गोळ्याही नको, त्याची वाफ काचेवर बसते. बॅगेत ठेवणं सगळ्यात वाईट, तिचा फोम ओल धरून ठेवते, बॅग फक्त बाहेर न्यायला. अन् महिन्यातून एकदा तरी सगळ्या लेन्स काढा, रिंगा फिरवा, अर्धा तास उजेडात वापरा, खिडकीतून कावळे काढले तरी चालते. बॅटरी लांब पडून राहणार असेल तर बाहेर काढून अर्धी चार्ज करून ठेवा.

एसीतून बाहेर काढल्यावर काच धुक्याने भरते तो त्रास आपल्याकडे मेमध्ये फारसा नाही, बाहेरची हवा कोरडी असते. तो जुलै-ऑगस्टचा. तेव्हा एसी गाडीतून उतरायच्या आधी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक थैलीत बंद करा अन् बाहेर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तसाच राहू द्या, धुकं थैलीवर बसते, काचेवर नाही. काच धुकटलीच तर पुसत बसू नका, अन् त्या वेळी लेन्स बॉडीवरून तर काढूच नका.

एवढं करूनही एखाद्या लेन्समध्ये जाळं दिसलं तर तिला त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी करा. उन्हात ठेवून ते जात नाही, फार तर वाढ थांबते, अन् तेवढ्यात लेन्स तापते ते वेगळं. उशीर करू नका, फंगस जे आम्ल सोडते त्याने कोटिंग खाल्लं जाते अन् मग काच साफ झाली तरी डाग राहते. सर्व्हिसवाल्याकडे आधी खर्च लेखी मागा, जुनी किट लेन्स असेल तर साफसफाईच्या पैशात दुसरी येते, तिथं भावनेत जाऊ नका. चांगली लेन्स असेल तर उघडण्याआधी अन् नंतर टॉर्च मारून फोटो काढून ठेवा. ती सर्व्हिसला गेली असताना इकडे बॅग रिकामी करा, कप्पे काढा, सगळं व्हॅक्युमने ओढा, दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात उलटी टाका, लेन्सच्या टोप्या साबणाने धुऊन सुकवा, डब्यातली सिलिका गरम करून घ्या, अन् डब्यातला आकडा ५० च्या खाली आला की मगच बाकीच्या लेन्स आत ठेवा.